मॉरिशसच्या दारात

‘मॉरिशसले व्हिसा लागस का, भो?’ जळगाव किंवा धुळ्यातल्या ट्रॅव्हल एजंटासमोर बसलेलं कुटुंब हाच प्रश्न आधी विचारतं. एजंटाचं उत्तर एका शब्दाचं असतं: नाही. ते ऐकून सगळ्यांचे चेहरे खुलतात, आणि पुढचं कुणी विचारत नाही. भारतीय पर्यटकाला मॉरिशसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, त्यासाठी पैसेही मोजावे लागत नाहीत, हे खरंच आहे. पण ‘व्हिसा नाही’ याचा अर्थ ‘अटी नाहीत’ असा होत नाही. त्या बेटाला अटी आहेत, आणि त्या तशा का आहेत हे कळलं तर पाळायला जड वाटणार नाहीत. केळी, कापूस, वांगी पिकवणाऱ्या खानदेशी माणसाला तर त्या इतर कुणाहीपेक्षा लवकर कळायला हव्यात.

आधी बेटाचा आकार डोळ्यांसमोर आणू. जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ 11,765 चौरस किलोमीटर आहे. मॉरिशसचं मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटरचं, म्हणजे जळगाव जिल्ह्याचा साधारण सहावा हिस्सा. लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या धुळे जिल्ह्यात 20 लाखांहून अधिक माणसं होती. एवढ्याशा जागेत एक स्वतंत्र देश आहे. 12 मार्च 1968 रोजी तो स्वतंत्र झाला. त्याचं स्वतःचं चलन आहे, त्यालाही रुपयाच म्हणतात. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात पिकावर रोग आला तर शेजारच्या तालुक्यातून माल येतो. बेटाला शेजारचा तालुका नसतो.

तयारीची सुरुवात मात्र मॉरिशसपासून होत नाही, घरातल्या कपाटातल्या कागदांपासून होते. पासपोर्टसाठी पूर्वी आपल्या भागातल्या माणसाला नाशिकची वारी करावी लागे. 2017 पासून टपाल कार्यालयांतून पासपोर्ट सेवा केंद्रं उघडू लागली आणि जिल्ह्याच्या गावांची ती वारी वाचू लागली. अर्ज ऑनलाइन भरायचा, वेळ घ्यायची, मूळ कागद घेऊन जायचं, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. मग गावच्या ठाण्यातून पोलीस पडताळणी. मोठ्या माणसाचा पासपोर्ट 10 वर्षं चालतो. लहान मुलाचा 5 वर्षं किंवा वय 18 होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढा. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टवर नाव चढवून भागत नाही.

यात अडतं कुठे, तर नावात. समजा यावल तालुक्यातली साठीची एक बाई आहे. शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव. आधार कार्डावर सासरचं नाव, आणि आडनावाचं स्पेलिंग वेगळंच. बँकेच्या पासबुकावर नुसतं ‘सुमनबाई’, मतदार ओळखपत्रावर ‘सुमन’. घरात, गल्लीत, बाजारात ती एकच बाई आहे. कागदावर चार बायका आहेत. ही गाठ विमानतळावर सुटत नाही, ती घरीच सोडवावी लागते. आधार दुरुस्त करून घ्या, लग्नाचा दाखला हाताशी ठेवा, आणि विमानाचं तिकीट काढताना पासपोर्टवर जे नाव ज्या क्रमाने छापलंय तेच अक्षरन्‌अक्षर लिहा. ‘बाई’, ‘भाऊ’, ‘ताई’ ही आपुलकीची शेपटं पासपोर्टवर असतील तर तिकिटावरही हवीत, नसतील तर नकोत. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, हेही सांगून ठेवतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून एकशब्दी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देणं बंद केलं. मॉरिशसला जाताना कुणी दुबईत दोन दिवस थांबायचं ठरवलं, तर तो रिकामा रकाना तिथे आडवा येईल.

आणखी एक शंका हमखास येते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी तपासणी आवश्यक. वडिलांच्या पासपोर्टवर हा शेरा पाहून मुलं घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. हा नियम 1983 च्या उत्प्रवास कायद्यातला आहे. तो आखाती देश, मलेशिया अशा ठरावीक 18 देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, त्यांची तिथे पिळवणूक होऊ नये म्हणून. त्या यादीत मॉरिशस नाही, आणि फिरायला जाणाऱ्याला तर हा नियम लागूच नाही.

आता प्रत्यक्ष बेटाच्या अटी. पासपोर्टची मुदत प्रवास संपेपर्यंत हवी. विमान कंपन्या मात्र बहुतेक वेळा सहा महिन्यांची शिल्लक पाहतात, म्हणून तेवढी असू द्या. परतीचं पक्कं तिकीट हवं. राहण्याचं ठिकाण ठरलेलं हवं: हॉटेलचं बुकिंग, किंवा नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याचं पत्र आणि पत्ता. रोजच्या खर्चाला पुरतील एवढे पैसे असल्याचा पुरावा हवा. शिवाय ‘मॉरिशस ऑल इन वन’ नावाचा एक डिजिटल फॉर्म निघण्याआधी भरायचा असतो. पूर्वी विमानात वाटायचे ते आगमनाचे आणि आरोग्याचे कागद आता त्या एका फॉर्ममध्ये आले आहेत. तो भरायला पैसे पडत नाहीत. कार्डाचा नंबर मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही असं समजून बंद करा.

निघायचं ते बहुधा रात्रीच्या गाडीने. जळगावहून थेट मुंबई. धुळ्याहून आग्रा रोडने, नाहीतर चाळीसगावला येऊन गाडी. मुंबईच्या विमानतळावर आपल्याच इमिग्रेशन अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. 1 जुलै 2017 पासून भारतीयांना बाहेर जाताना कार्ड भरावं लागत नाही, तरी तो परतीचं तिकीट किंवा हॉटेलचा कागद मागू शकतो. सगळं मोबाइलमध्ये आहे असं म्हणून भागवू नका. एक प्लास्टिकची फाइल करा आणि प्रत्येकाचे कागद प्रत्येकाच्या हातात द्या. सगळ्या कुटुंबाची फाइल एकाच कर्त्या पुरुषाकडे असते. तो एका रांगेत आणि बाकीचे दुसऱ्या रांगेत गेले की म्हातारी माणसं भांबावतात.

मुंबईहून थेट विमानाने सहा-सात तासांत मॉरिशस येतं. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. खिडकीपलीकडचा अधिकारी दोन-तीनच प्रश्न विचारतो: कशासाठी आलात, कुठे उतरणार, परत कधी जाणार. खरी उत्तरं द्या, थोडक्यात द्या. तो जो शिक्का मारतो, त्यात किती दिवसांचा मुक्काम मान्य झाला हे असतं. ती तारीख तिथेच उभं राहून वाचा. फिरायला आलेल्याने तिथे नोकरी किंवा धंदा करायचा नसतो. आणि व्हिसा नको म्हणून आत जाण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळतो असंही नाही. शेवटचा निर्णय त्या खिडकीतच होतो.

इथवरच्या अटी जगातल्या बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने सारख्या आहेत. मॉरिशसची खरी अट पुढच्या टेबलावर आहे, जिथे बॅग उघडतात. माझ्या मते हॉटेलचा कागद विसरण्यापेक्षा या टेबलावरची चूक मोठी.

आपल्या बॅगा कशा भरल्या जातात ते आठवा. तळाशी कपडे. त्यावर कुरडया, पापड, बिबड्या. एका डब्यात शेवभाजीचा काळा मसाला, दुसऱ्यात कळण्याचं पीठ. एका पुडीत कोथिंबिरीचं, एका पुडीत भरिताच्या वांग्याचं बी, कारण तिथे ओळखीचं कुणी असेल तर त्याला परसात लावता येईल. हिवाळा असेल तर मेहरूणची बोरं. वरच्या कप्प्यात वाटेत खायला केळी. आणि कुणी फारच मायेचं असेल तर तुळशीचं रोप, मुळाशी ओल्या फडक्यात बांधलेली अंगणातली माती.

यातल्या बी, बोरं, केळी, रोप आणि माती या पाच गोष्टी त्या बेटावर नेऊ नयेत. मॉरिशसमध्ये कुठलीही वनस्पती, बियाणं, फळ, भाजी, फूल, कंद आणायचा तर तिथल्या कृषी खात्याचा परवाना आधी घ्यावा लागतो, आपल्याकडच्या वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि उतरताच कस्टम्सला सांगावं लागतं. मातीला तर बंदीच आहे. उसाच्या कांड्यालाही बंदी आहे, मग ते तुळशीच्या लग्नासाठी नेलेलं का असेना. ज्या देशाची दीडशे-दोनशे वर्षांची कमाई उसावर उभी राहिली, तो देश परक्या उसाचं एक पेरही आत घेणार नाही, हे शेतकऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

तरीही एका केळ्याने काय होतंय, असं वाटतं. रावेर, यावल, चोपड्याच्या शेतकऱ्याला विचारा. केळीवरच्या कुकुंबर मोझॅक विषाणूला आपल्याकडे ‘हरण्या’ म्हणतात. पानावर पिवळे पट्टे येतात, पोंगा सडतो, झाड खुरटतं. तो लागणीच्या रोगट मालातून येतो आणि मावा तो या झाडावरून त्या झाडावर नेतो. औषध नाही. झाडं उपटून, लांब नेऊन नष्ट करायची, एवढाच उपाय. गेल्या काही वर्षांत आपल्या पट्ट्यात कितीतरी शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारखी जपलेली दोन-दोन महिन्यांची बाग स्वतःच्या हाताने उपटली आहे. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो मान मिळवणाऱ्या मातीतल्या माणसाला परक्याच्या बागेची काळजी सांगावी लागू नये.

मॉरिशसने याची किंमत मोजली आहे. 1996 मध्ये तिथे आशियातली एक फळमाशी सापडली. आपल्याकडे आंब्यात, पेरूत अंडी घालणारी, फळ कापल्यावर आत अळी दाखवणारी तीच माशी. ती बेटभर पसरण्याआधी तिचा नायनाट करायला त्यांना तीन वर्षं झगडावं लागलं: नरांना ओढणारे सापळे, आमिषाच्या फवारण्या, फळं वेचून गाडणं. एवढं सगळं करायला लावणारी माशी कुणाच्या तरी टोपलीतूनच आली असणार. त्याही आधीची गोष्ट डोडोची. उडता न येणारा हा पक्षी जगात फक्त मॉरिशसमध्ये होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच जहाजं आली. जहाजांबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली. त्यांनी जमिनीवरची अंडी फस्त केली. डोडो दिसल्याची सर्वमान्य शेवटची नोंद 1662 ची आहे. जहाज आल्यापासून शंभर वर्षांच्या आत एक जीव संपला.

म्हणून टेबलावरच्या माणसाने ‘खाण्याचं, बी-बियाणं काही आहे का’ असं विचारलं तर ‘नाही, नाही’ म्हणू नका. जे आहे ते सांगा. सांगितलेली वस्तू फार तर ते काढून घेतील. लपवलेली सापडली तर दंड आणि अपमान दोन्ही. पापड-मसाला न्यायचाच तर पाकीटबंद, लेबल असलेला न्या आणि तोही दाखवा. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ घरीच ठेवा. आखातातून विमान बदलून जाणार असाल तर घरच्या मसाल्यातली खसखस आठवून बाहेर काढा. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि ‘मसाल्यात होती’ हे उत्तर तिथे चालत नाही. रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. गुडघेदुखीच्या, झोपेच्या काही गोळ्या तिकडे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात, आणि त्या कायद्याबाबत मॉरिशस फार कडक आहे.

पैशांचं सोपं झालं आहे. 12 फेब्रुवारी 2024 पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्ड चालू झालं. भारतीय नोटा सोबत नेण्याची मर्यादा 25,000 रुपयांची आहे. पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र भारतातून थेट जाणाऱ्याला लागत नाही. आफ्रिकेतला एखादा देश जोडून करणाऱ्याने मात्र ते चौकशी करून घ्यावं.

शेजारची बेटं एकसारखी नाहीत, हेही लक्षात असू द्या. सेशेल्स भारतीयाला व्हिसा मागत नाही, पण प्रवासाची ऑनलाइन परवानगी आधी घ्यायला लावतं. मालदीवमध्ये भारतीयाला उतरल्यावर मोफत परवानगी मिळते. तिथे दारू नेता येत नाही, आणि पूजेची मूर्तीही नेता येत नाही. पिशवीत बाळगणेश किंवा सप्तशृंगीची छोटी मूर्ती ठेवणाऱ्या आपल्या बायकांना हे आधी सांगायला हवं. मॉरिशसमध्ये उलट गणेश चतुर्थीला राष्ट्रीय सुट्टी असते.

ती सुट्टी तिथे का आहे? तिथे मराठी माणसं आहेत म्हणून. आणि त्यांच्या पूर्वजांनाही या बेटाच्या दारात उभं राहावं लागलं होतं.

1835 मध्ये मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले. त्याच्या आदल्या वर्षापासूनच भारतातून करारावर माणसं नेणं सुरू झालं होतं. पुढच्या शंभरेक वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय तिथे उतरले. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून, थोडे मुंबई बंदरातून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे, आणि साताऱ्याकडचे लोक बरेच होते. पोर्ट लुईच्या बंदरात त्यांना उतरवून घेण्यासाठी 1849 मध्ये आगारासारखी इमारत बांधली. आज तिचं नाव ‘आप्रवासी घाट’ आहे, आणि 2006 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. बोटीतून उतरून 16 दगडी पायऱ्या चढायच्या, मग दोन-तीन दिवस तिथे थांबायचं. त्या मुक्कामात माणसाची नोंद होई.

ती नोंद कशी असे? एक क्रमांक. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाजाचं नाव. मराठी नाव इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने फ्रेंच वळणाने लिहिलं, आणि तेच पुढे पिढ्यान्‌पिढ्यांचं आडनाव झालं. यावलच्या सुमनबाईच्या चार नावांची अडचण त्यांच्या वाट्याला अशी आली होती. फरक एवढाच, की त्यांना दुरुस्तीचा अर्ज करायला खिडकी नव्हती. पुढे कराराबाहेर पडलेल्या जुन्या मजुरालाही फोटो चिकटवलेला परवाना सतत जवळ बाळगण्याची सक्ती झाली. तो जवळ नसला की भटक्या म्हणून अटक. 1871 मध्ये 9,401 जुन्या मजुरांनी याविरुद्ध गव्हर्नरकडे अर्ज केला, आणि 1872 मध्ये चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला.

रोगाची धास्ती तेव्हाही होती, आणि तिने माणसांचा बळी घेतला. 1856 च्या जानेवारीत कॉलऱ्याच्या संशयावरून दोन जहाजांमधल्या माणसांना मुख्य बेटावर न उतरवता गॅब्रिएल या ओसाड बेटावर ठेवलं. निवारा नाही, अन्न-पाणी पुरेसं नाही. अडीचशेहून अधिक माणसं तिथेच मेली. भारतातल्या तेव्हाच्या सरकारने त्यानंतर काही काळ मॉरिशसला माणसं पाठवणंच थांबवलं. बेटाला रोगापासून जपायचं हा विचार योग्यच होता. पण जपण्याच्या नावाखाली गरिबाला उघड्यावर मरू दिलं, हे पाप होतं. आज आपल्याला वातानुकूलित दालनात एक फॉर्म आणि एक बॅग दाखवायला लावतात, तेव्हा हा फरक मनात असावा. पोर्ट लुईला गेलात तर समुद्रकिनाऱ्याच्या सहलीतून एक तास काढून त्या 16 पायऱ्या पाहून या.

त्या माणसांनी भाषा टिकवली. आज मॉरिशसच्या शाळांतून मराठी शिकवली जाते. 1991 मध्ये दुसरी जागतिक मराठी परिषद तिथे भरली. तिथला एखादा मराठी माणूस तुम्हाला भेटला आणि तुम्ही त्याला आपल्या गावची माती देऊ शकला नाहीत, तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मराठी पुस्तकाला परवाना लागत नाही, ते द्या.

आणि आता उलटा प्रवासही सुरू आहे. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या, तेव्हा एक घोषणा झाली: भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड, म्हणजे भारतात येण्याजाण्याची आजन्म मुभा, मिळू शकेल. त्यासाठी पूर्वज भारतातून आला होता हे सिद्ध करावं लागतं. पुरावा कोणता, तर ज्या वहीत मजुराचा क्रमांक, उंची आणि अंगावरची खूण लिहिली होती, तीच वही. त्या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत, आणि वंशजांना तिथून आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळतो.